पावसातील पाहुणचार : वेम्बनाडच्या पाणथळीत एका पक्षिनिरीक्षकासमवेत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. कोचीतील मराठी माणसाच्या संसारात वर्षानुवर्षे पुनःपुन्हा येणारा एक प्रश्न आम्हांस सुचला. आपल्याकडे गावाकडून पाहुणे येतात. नाताळात आले तर चिंता नसते. फोर्ट कोचीची चिनी जाळी, मट्टनचेरीचा राजवाडा, एखाद्या संध्याकाळी कथकळी, एवढ्यात चार दिवस निघून जातात. परंतु हेच पाहुणे आषाढ-श्रावणात आले म्हणजे गृहिणीच्या व गृहस्थाच्या कपाळावर आठी पडते. बाहेर अखंड धारा, दोरीवर न वाळणारे कपडे आणि पाहुण्यांच्या मुखी एकच वाक्य : "तुमच्याकडे पाऊस फार बुवा!"

अशा वेळी काय दाखवावे? आमचे उत्तर आहे, पाऊसच दाखवावा. आणि पावसात जे घर मांडतात ते दाखवावेत. ते म्हणजे वेम्बनाड तलावाच्या काठचे पक्षी.

वेम्बनाड हा लांबीच्या दृष्टीने भारतातील सर्वांत मोठा तलाव. दक्षिणोत्तर सुमारे ९६ किलोमीटर पसरलेला हा जलविस्तार आलप्पुळा, कोट्टयम आणि एर्नाकुलम या तीन जिल्ह्यांना स्पर्श करतो. पम्पा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल, मूवाट्टुपुळा या नद्या सह्याद्रीचे पाणी आणून यात ओततात. सह्याद्री हे नाव येथे मुद्दाम उच्चारतो. आपल्या गावामागचा डोंगर तोच. केवळ आपल्याकडे त्याच्या पूर्व उतारावरून गोदा-कृष्णा निघतात, आणि येथे पश्चिम उतारावरून या आखूड, वेगवान नद्या समुद्राकडे धावतात. तलाव व त्रिशूरकडील कोल शेते मिळून झालेल्या पाणथळीस २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता लाभली. नोंदलेले क्षेत्र १,५१,२५० हेक्टर आहे.

तलावाच्या दक्षिणेस कुट्टनाड. समुद्रसपाटीच्याही खाली भात पिकविणारा हा मुलूख. बांध घालायचे, आतील पाणी उपसायचे आणि उघड्या झालेल्या गाळात भात पेरायचा, अशी ही शेती. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिची जागतिक कृषिवारसा म्हणून नोंद केली. मुख्य पीक पावसाळ्यापूर्वी निघते. पावसाळ्यात बहुतेक शेते पाण्याखाली असतात आणि शेत कोठे संपले व तलाव कोठे सुरू झाला, हे बांधावरच्या माडांच्या रांगेवरूनच ओळखावे लागते.

या तलावाच्या पूर्व काठी, कोट्टयमपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर, कुमरकम आहे. एकोणिसाव्या शतकात बेकर नावाच्या इंग्रज कुटुंबाने येथे बाग वसविली. तीच आज चौदा एकरांचे पक्षी अभयारण्य झाली आहे. चौदा एकर म्हणजे आपल्या देशावरच्या एखाद्या मध्यम शेतकऱ्याची जमीन. पण पावसाळ्यात या तेवढ्याशा झाडीत पाणकावळे, तिरंदाज, रातबगळे आणि नाना जातींचे बगळे घरटी बांधतात. एका झाडावर खालपासून शेंड्यापर्यंत घरटी असतात, जणू गिरगावातील जुनी चाळच.

येथे पक्ष्यांच्या पंचांगाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पक्षी पाहावयाचे ते हिवाळ्यात, असा आपला दृढ समज असतो. आणि तो निराधार नाही. उत्तरेकडील बदके व चिखलपक्षी हिवाळ्यात येतात, वसंतात परततात. ते हिवाळी पाहुणे. परंतु जे बाराही महिने येथेच राहतात, त्यांतील अनेकांचा विणीचा काळ पावसाशी बांधलेला आहे. पाणी चढले म्हणजे मासे, बेडूक व जलकीटक यांची समृद्धी होते. पिल्लांच्या चोचीत भरविण्यास मुबलक मिळते. आणि झाडाखाली पाणी असल्यामुळे मांजर-मुंगसाचे भय कमी होते. आपल्याला जो काळ घरात कोंडून घालतो, तोच त्यांच्या संसाराचा सुगीचा काळ. केरळीय पंचांगात याच सुमारास कर्कटकम् महिना येतो. पूर्वी तो टंचाईचा महिना मानला जाई. घरोघरी संध्याकाळी दिव्यापुढे एळुत्तच्छन यांचे अध्यात्मरामायण वाचले जाते. आपल्या श्रावणातील पोथीवाचनाची आठवण व्हावी, असेच ते दृश्य असते.

२०२३ च्या जुलै अखेरीस आमच्या सौभाग्यवतींचे मामा नाशिक जिल्ह्यातून आमच्याकडे आले. ते अधिक श्रावणाचे वर्ष होते, म्हणून जावयासाठी अनारशांचा डबा आणि स्वतःसाठी दुर्बीण, एवढेच महत्त्वाचे सामान त्यांच्यापाशी होते. मामा निवृत्त शिक्षक. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचे अभयारण्य आहे. तेथे ते तरुणपणापासून पक्षी पाहत आलेले. महाराष्ट्रातील रामसर दर्जा मिळालेली ती पहिली पाणथळ, २०१९ सालची. मागाहून २०२० मध्ये लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी या मालिकेत आली. तेव्हा मामांना पाणथळ नवी नव्हती, पाऊस नवा होता.

वाटाड्याचे काम आमच्याकडे आले. या कामाची काही पथ्ये अनुभवाने ठरली आहेत; पुढे ज्यांच्याकडे असे पाहुणे येतील त्यांच्या उपयोगी पडावीत म्हणून ती सांगतो.

पहिले, छत्री घरी ठेवावी. वाऱ्याने फडफडणारी काळी छत्री पक्ष्यांना दुरूनच उठविते. मळकट हिरव्या किंवा तपकिरी रंगाचा रेनकोट बरा, लाल-पिवळा नको. दुसरे, दुर्बिणीची भिंगे पुसण्यास सुती धोतराचा जुना, मऊ तुकडा दोन-तीन घड्या करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. वातानुकूलित मोटारीतून उतरताच भिंगांवर बाष्प धरते, ते निवळेपर्यंत दहा मिनिटे धीर धरावा. तिसरे, धो धो पाऊस चालू असता पक्षी शोधीत हिंडू नये. झोडपणाऱ्या सरीत पक्षी पाठ वाऱ्याकडे न करता तोंड वाऱ्याकडे करून, मान आखडून निश्चल बसतात, आपणही बसावे. खरे दर्शन घडते ते सर ओसरल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत. तेवढ्या अवधीत सर्व वसाहत एकदम जागी होते. चौथे, जळवा व डास यांची तयारी असावी. आणि पाचवे, सर्वांत महत्त्वाचे, नावाडी जे सांगेल ते ऐकावे. या पाचव्या पथ्याकडे पुढे वळतो.

पहाटे निघालो. वैक्कमवरून जाता तण्णीरमुक्कमचा बंधारा लागतो. १९७६ साली पूर्ण झालेला हा बंधारा उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये यासाठी बांधला आहे. कोरड्या महिन्यांत त्याची दारे मिटतात, पावसाळ्यात उघडतात. भाताचा यामुळे लाभ झाला. परंतु ज्या तलावात खारे व गोडे पाणी ऋतुमानाने आलटून पालटून खेळत असे, तेथे तो खेळ काही महिने थांबू लागला. जलपर्णी माजली, खाऱ्या पाण्याकडे जाऊन वाढणाऱ्या माशांची व कोळंबीची वाट अडली. शेतकरी एक बोलतो, कोळी दुसरे बोलतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. मामा हे ऐकून म्हणाले, "आमचे नांदूरचे पाणीही बंधाऱ्याचेच. धरणाने घेतले आणि धरणानेच पक्षी दिले. सरळ हिशेब कोठेच नसतो."

कुमरकमला एका ओळखीच्या नावाड्याची लहान होडी ठरविली होती. येथे होडीला 'वळ्ळम्' म्हणतात आणि ती रेटण्याच्या बांबूला 'कळुक्कोल'. वयाने वडील म्हणून आम्ही सर्व त्यांना 'चेट्टा', म्हणजे दादा, म्हणतो. आमची कन्या बरोबर होती. तिचे सारे शिक्षण येथे झाले असल्यामुळे चेट्टांचे मलयाळम आणि मामांचे मराठी यांच्यामध्ये तीच दुभाषी.

येथे एक मौज घडली. मामा पक्ष्याचे मराठी नाव सांगत, कन्या मलयाळम नाव विचारून घेई, आणि दोन्ही नावे समोरासमोर ठेवता ती सख्ख्या बहिणी निघत. पाणकावळा येथे 'नीर्क्काक्क'. नीर म्हणजे पाणी, काक्क म्हणजे कावळा. रातबगळा येथे 'पातिराकोक्कु', म्हणजे मध्यरात्रीचा बगळा. कमळपक्षी येथे 'तामरक्कोळि', म्हणजे कमळावरची कोंबडी. अडई या शीळ घालणाऱ्या बदकाला 'चूळन एरंड', तेही शिळेवरूनच. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन मुलखांतील साध्या माणसांनी त्याच पक्ष्याकडे पाहिले आणि तेच त्यांच्या ध्यानी आले.

मात्र तिरंदाजापाशी नावे फाटली. त्याला आपण तिरंदाज म्हणतो ते त्याच्या माशावरील झेपेवरून. त्याच्या मानेच्या मणक्यांची ठेवण अशी, की आखडलेली मान बाणासारखी सुटते, चोच माशात रुतते, मग मासा वर उडवून तो डोक्याकडून गिळतो. केरळीय लोक त्याला 'चेरक्कोळि' म्हणतात. चेरा म्हणजे धामण. अंग पाण्याखाली ठेवून केवळ मान वर काढीत तो पोहतो, तेव्हा धामणच पोहत आहे असा भास होतो. आम्ही त्याचा नेम पाहिला, यांनी त्याची मान पाहिली. मामांनी दोन्ही नावे वहीत टिपून घेतली. कन्येने मराठी नावे मलयाळम लिपीत टिपली, याची आम्हांस किंचित रुखरुख लागली. पण टिपली, हेही थोडे नव्हे.

पक्ष्यांच्या देशी नावांचा विषय निघाला म्हणजे दोन-तीन नावे आदराने घ्यावी लागतात. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून मराठीतील पक्षिनामांचे भांडार जमविले आणि 'पक्षीकोश' सिद्ध केला. २०२५ मध्ये ते निवर्तले. येथे के. के. नीलकंठन यांनी 'इंदुचूडन' या टोपणनावाने १९५८ साली केरळातील पक्ष्यांवर मलयाळममध्ये ग्रंथ लिहिला. आणि या दोन प्रांतांना जोडणारे डॉ. सालिम अली. मुंबईच्या या पक्षिशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी केली आणि १९५३ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईहून येऊन येथल्या भूमीला काही देऊन जाणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

एका कालव्यात कमळपक्ष्याचे कुटुंब दिसले. या जातीत अंडी उबविण्याचा व पिल्ले वाढविण्याचा भार नरावर असतो. मादी अंडी घालून दुसरीकडे संसार थाटते. सर आली तशी नराने पिल्ले पंखांखाली घेतली. त्याच्या कुशीतून चार-सहा इवले लांब पाय तेवढे लोंबत राहिले. आमच्या सौभाग्यवतींना घरी हा वृत्तांत सांगितला तेव्हा त्यांनी एकच उद्गार काढला, "शिकण्यासारखे आहे." तो सभेतील पितृवर्गाने आपापल्या परीने घ्यावा.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. अभयारण्याच्या कडेला, पाण्यावर ओणवलेल्या एका झाडावर तिरंदाजाची तीन-चार घरटी होती. मामांना तिरंदाज घरट्यावर असतानाचे छायाचित्र हवे होते. एवढ्या जवळून तो योग त्यांना कधी आला नव्हता. पाऊस बेताचा पडत होता. ते म्हणाले, "होडी झाडाखाली घ्यायला सांगा. पाच मिनिटे पुरेत." चेट्टांनी कळुक्कोल गाळात रोवला आणि होडी होती तेथेच थांबविली. मामांना वाटले, अधिक पैसे हवेत. त्यांनी खिशात हात घातला. चेट्टा मान हलवून कन्येशी काही बोलले. तिने सांगितले, "ते म्हणतात, आता आई उठली तर पिल्ले भिजतील. पिसे न आलेले पिल्लू भिजले तर रात्र काढत नाही. आणि कावळा वरच बसला आहे."

खरोखरच वरच्या फांदीवर कावळा होता. तिरंदाज आणि पाणकावळा यांची पिल्ले अंड्यातून निघताना उघडीनागडी असतात. आईबापांच्या अंगाखालीच त्यांना ऊब मिळते. बगळ्यांची पिल्ले घाबरली म्हणजे खाल्लेले ओकून टाकतात आणि एक वेळचे अन्न गमावतात. म्हणून वसाहतीत शिरणारा माणूस कशालाही हात न लावता नुकसान करू शकतो. पावसात तर अधिकच.

मामांची मुद्रा उतरली. ते वडील माणूस, दीड हजार किलोमीटर दूर आलेले, पुन्हा कधी येतील याचा भरवसा नाही; त्यातून सासुरवाडीचे. पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे संस्कार आपणां सर्वांवर आहेत. दुसऱ्या बाजूला एक नावाडी, आमच्याच पैशाने आलेला, आणि झाडावर चार ओली घरटी. "आपण सांगा त्यांना," असे मामा आम्हांस म्हणाले. आम्ही सांगितले नाही. आम्ही म्हटले, "मामा, या घरचे यजमान आम्ही नाही, चेट्टा आहेत. त्यांच्या घरी त्यांचाच नियम चालावा." त्यानंतर होडीत कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. पावसाचा आवाज मात्र होता.

होडी वीस-पंचवीस वाव मागे घेऊन चेट्टांनी एका माडाच्या आडोशाला बांधली. थोड्या वेळाने सर थांबली. तिरंदाजाची पिसे पाणी शोषून घेतात. त्यामुळेच त्याला बुडी मारणे सोपे जाते आणि त्यामुळेच बाहेर आल्यावर पंख पसरून वाळवीत बसावे लागते. ढगांतून ऊन डोकावताच वठलेल्या फांद्यांवर पाच-सहा तिरंदाज आणि कितीतरी पाणकावळे एकाच दिशेला पंख उघडून बसले. घरट्यावरचा जोडीदार बदलला. आलेल्या पक्ष्याने चोच उघडली आणि पिल्लाने डोके थेट त्याच्या घशात घालून अन्न घेतले. मामा दुर्बिणीतून पाहत राहिले. छायाचित्र त्यांनी काढले, पण त्यात झाडच अधिक आले.

परतताना ते आपण होऊन म्हणाले, "नांदूरला मी किती शहरी लोकांना घरट्यापासून मागे खेचले असेल! आज मीच शहरी झालो." आणि उतरताना चेट्टांना त्यांनी नमस्कार केला, अनारशांचा पुडा कन्येकरवी त्यांच्या नातवंडांसाठी दिला. चेट्टांनी तो हुंगून पाहिला आणि 'नेय्यप्पम्?' असे विचारले. गूळ-तांदळाच्या त्या तळलेल्या केरळी पक्वान्नाशी अनारशांचे नाते त्यांनी वासावरून ओळखले.

मंडळींनो, या प्रसंगाला आम्ही महत्त्व देतो त्याचे कारण आहे. आपल्यातील बहुतेक जण नोकरीनिमित्त येथे आले. बदलीच्या नोकरीत माणूस गावाकडे धर्मशाळेसारखे पाहू लागतो. नळ गळतो तर गळू द्या, आपण दोन वर्षांचे सोबती. ही पाणथळही आपण अशीच खिडकीतून पाहतो. परंतु २०१८ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा पाण्याने मूळचा कोण आणि बदलीवरचा कोण, हे विचारले नाही. तलाव आणि भातखाचरे ही पुराचे पाणी सामावून घेणारी पोटे आहेत. ती भराव घालून आवळली की तेच पाणी घरात शिरते. भातजमीन व पाणथळ वाचविण्यासाठी केरळने २००८ साली कायदा केला. तरी भराव, हाउसबोटींचे तेल-सांडपाणी आणि जलपर्णी यांचा उपद्रव संपलेला नाही. अशा ठिकाणी एक नावाडी वरकमाई नाकारून कळुक्कोल गाळात रोवतो, तेव्हा तो ज्याचे रक्षण करतो त्यात आपलेही घर येते.

मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, ग्रंथालय हे सारे निष्ठेने चालविले. त्यामुळे आपली मुले मराठी बोलतात. पण 'नीर्क्काक्क' म्हणजेच पाणकावळा, हे त्यांना कोणी सांगावे? आमची एक नम्र सूचना आहे. वर्षातून दोनदा, एकदा पावसात व एकदा हिवाळ्यात, मंडळाने मुलांची सहल पाणथळीत न्यावी. आजी-आजोबांनी मराठी नाव सांगावे, मुलांनी मलयाळम नाव सांगावे, आणि दोन्ही एका वहीत लिहून ती वही ग्रंथालयात ठेवावी. खर्च फार नाही. एक-दोन दुर्बिणी, थोडा धीर आणि नावाड्याचे ऐकण्याची तयारी एवढे पुरे.

मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनला केरळात पोहोचतो आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मुंबईत. म्हणजे गावाकडच्या आप्तांना जो पाऊस भेटणार, तो आधी आपल्याला भेटून जातो. यापुढे फोनवर कोणी "तुमच्याकडे पाऊस फार" असे म्हणाले, तर आपण सर्वांनी त्यांना आग्रहाने सांगावे, की याच दिवसांत या. दाखविण्यासारखे पुष्कळ आहे.